ब्लूजसाठी डायटॉनिक हार्मोनिका निवडताना कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर

ब्लूज वाजवायचंय म्हणून हौसेने माउथ ऑर्गन, म्हणजेच हार्मोनिका घेतला, रोज फुंकला, ओठ सोलवटले, आणि तरी तो वरून खाली घसरत जाणारा, कण्हल्यासारखा आवाज काही केल्या निघत नाही, मग "आपल्याला जमणारं नाही हे" म्हणून वाद्य कपाटात. खूप जणांचं असं होतं, आणि कोणता घेतलायस विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, चोवीस होलचा. त्या वाद्यावर तो आवाज निघूच शकत नाही, कोणीही वाजवलं तरी नाही. दोष फुफ्फुसांचा नसतो, निवडीचा असतो.

आणि निवड चुकते कारण प्रश्नांचा क्रम उलटा होतो. लोक आधी विचारतात कंपनी कुठली चांगली, कितीपर्यंत मिळेल, आणि वाद्याचा प्रकार, ट्यूनिंग (कोणत्या होलला कोणता सूर) आणि की (वाद्याची पट्टी) या गोष्टी राहूनच जातात किंवा दुकानदारावर सोपवल्या जातात. खाली दिलेला क्रम तसाच पाळा आणि पहिले तीन टप्पे होईपर्यंत किंमत बघूच नका.

## तयारी: आधी तीन उत्तरं लिहून ठेवा

१. कोणाबरोबर वाजवणार? एकट्याने, गिटारवाल्या मित्राबरोबर, की कोणी गाणार आहे त्याच्यामागे?

२. शिकणार कशावरून? एखादी ऑनलाइन लेसन सिरीज ठरली असेल तर तिच्यात शिक्षक कोणत्या कीचा हार्प (ब्लूजवाले हार्मोनिकाला हार्प म्हणतात) वापरतात ते बघून ठेवा. पहिल्याच लेसनमध्ये सांगितलेलं असतं.

३. घरात आधीचा माउथ ऑर्गन पडलेला आहे का? असेल तर बाहेर काढा, टप्पा १ मध्ये लागेल.

## टप्पा १: प्रकार नक्की करा

आपल्याकडे "माउथ ऑर्गन" म्हटलं की तीन वेगवेगळी वाद्यं एकाच नावाखाली येतात आणि दुकानात तिन्ही एकाच काचेखाली ठेवलेली असतात.

ट्रेमोलो. वीतभर लांब, होलांच्या दोन ओळी, एकावर एक. प्रत्येक नोटला दोन रीड (हवेने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) असतात आणि त्या एकमेकींपासून किंचित वेगळ्या ट्यून केलेल्या असतात, म्हणून आवाज थरथरतो. घराघरात जो चोवीस होलचा असतो तो बहुतेक हाच. जुनी हिंदी गाणी यावर छान वाजतात, ब्लूज नाही.

क्रोमॅटिक. उजव्या टोकाला दाबायचं बटण असतं. बटण दाबलं की सूर अर्धा वर जातो, म्हणजे बाराही सूर मिळतात. ब्लूजमध्येही हा वापरला गेलाय, शिकागोच्या लिट्ल वॉल्टरसारख्यांनी उत्तम वापरलाय, पण डायटॉनिक हातात बसल्यानंतरचं वाद्य आहे ते.

डायटॉनिक. साधारण दहा सेंटिमीटर, तळहातात मावणारा, एकच ओळ, दहा होल, बटण नाही. आपल्याला हवा तो हाच.

फरक का पडतो ते समजून घ्या, म्हणजे दुकानदार काहीही म्हणाला तरी डगमगणार नाही. डायटॉनिकच्या प्रत्येक होलमध्ये दोन रीड एकाच कप्प्यात असतात, एक फुंकल्यावर वाजते म्हणजे ब्लो, दुसरी श्वास ओढल्यावर म्हणजे ड्रॉ. चौथ्या होलमध्ये ड्रॉ करताना जीभ आणि घसा विशिष्ट आकारात आणला की त्याच कप्प्यातली खालच्या सुराची ब्लो रीडही कामाला लागते आणि सूर खाली ओढला जातो. हाच बेंड. ब्लूजचा जो काही रंग आहे त्यातला मोठा हिस्सा या बेंडमधून येतो. ट्रेमोलोमध्ये प्रत्येक रीडला स्वतंत्र कप्पा असतो, त्यामुळे दोन रीडचा हा खेळ होतच नाही. क्रोमॅटिकमध्ये बहुतेक रीडवर छोटे व्हॉल्व्ह असतात, तिथेही हा बेंड तसा मिळत नाही.

तपासणी: होल मोजा, दहा हवेत. ओळी मोजा, एक हवी. बाजूला बटण नको. तिन्ही जुळलं तरच पुढे.

सावधान: कव्हरवर "ब्लूज" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, खेळण्यातल्या वाद्यावरही तो शब्द छापलेला सापडतो. आणि होनर कंपनीचं ब्लूज हार्प नावाचं एक मॉडेल आहे, चांगलं आहे, पण ब्लूजसाठी तेच लागतं असं अजिबात नाही. ते फक्त मॉडेलचं नाव आहे.

## टप्पा २: ट्यूनिंग साधं रिक्टर आहे ना बघा

हा टप्पा छोटा आहे पण ऑनलाइन मागवणारे इथेच घसरतात. दहा होलचा डायटॉनिक वेगवेगळ्या ट्यूनिंगमध्ये मिळतो आणि फोटोत सगळे सारखेच दिसतात. तुम्हाला हवं ते स्टँडर्ड रिक्टर, काही ठिकाणी त्याला नुसतं मेजर डायटॉनिक लिहितात. नॅचरल मायनर, हार्मोनिक मायनर, कंट्री, मेलडी मेकर, पॅडी रिक्टर, सोलो यातला कुठलाही शब्द दिसला तर तो पहिला हार्प म्हणून घेऊ नका.

उदाहरण सांगतो. कंट्री ट्यूनिंगमध्ये पाचव्या होलचा ड्रॉ सूर अर्ध्याने वर नेलेला असतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ब्लूज वाजवताना पाचवा ड्रॉ हा आपला कोमल नी असतो (कसा ते पुढे येतंय), तोच गेला तर ब्लूजचा कणाच गेला. लेसनमध्ये शिक्षक पाच ड्रॉ वाजवतील, तुमचा शुद्ध नी वाजेल, आणि चूक कुठे होतेय हे कळायला महिने जातील.

तपासणी: ऑर्डर करण्याआधी प्रॉडक्टचं पूर्ण नाव शेवटपर्यंत वाचा, आणि "व्हेरिएंट" किंवा "ऑप्शन"च्या यादीत काय निवडलं गेलंय तेही.

## टप्पा ३: की निवडा (इथे घाई करू नका)

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. डायटॉनिक बाराही कीमध्ये मिळतो आणि एक हार्प म्हणजे एक की. साधं वाटणारं गणित असं की गाणं जी मध्ये असेल तर जी चा हार्प घ्यायचा. ब्लूजसाठी हे गणित चुकीचं आहे.

सी हार्पचे सूर बघा. पांढरी एक हा सा धरला तर ब्लो केल्यावर पहिल्या होलपासून सा ग प, सा ग प, सा ग प, सा. ड्रॉ केल्यावर रे प नी रे म ध नी रे म ध. आता सा बदला. दुसऱ्या होलचा ड्रॉ, म्हणजे आत्ता ज्याला प म्हटलं तो सूर, तोच सा माना. तो पांढरी पाच, म्हणजे जी. आता मोजा:

- २ ड्रॉ: सा
- ३ ड्रॉ, अर्ध्या सुराने बेंड करून: कोमल ग
- ४ ब्लो: शुद्ध म
- ४ ड्रॉ, बेंड करून: तीव्र म
- ४ ड्रॉ, सरळ: प
- ५ ड्रॉ: कोमल नी
- ६ ब्लो: वरचा सा

सा, कोमल ग, दोन्ही मध्यम, प, कोमल नी. हीच ब्लूज स्केल. आणि बघा, यातले बहुतेक सूर ड्रॉचे आहेत, आणि खालच्या सहा होलांत बेंड होतात ते ड्रॉवरच, शिवाय एक ते चार ड्रॉ एकत्र ओढले की प सा ग प असा अख्खा जी मेजर कॉर्ड मिळतो. म्हणून ब्लूजवाले सी हार्प घेऊन जी मध्ये वाजवतात. याला सेकंड पोझिशन किंवा क्रॉस हार्प म्हणतात.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: हार्पचा प हा ब्लूजचा सा. उलट जायचं असेल तर गाण्याच्या सा चा शुद्ध मध्यम ही हार्पची की. पेटीवर बोट ठेवून मोजा, एकदा मोजलं की परत विसरत नाही.

- गाणं ई (पांढरी तीन) मध्ये: ए चा हार्प (पांढरी सहा)
- गाणं ए (पांढरी सहा) मध्ये: डी चा हार्प (पांढरी दोन)
- गाणं जी (पांढरी पाच) मध्ये: सी चा हार्प (पांढरी एक)
- गाणं डी (पांढरी दोन) मध्ये: जी चा हार्प (पांढरी पाच)
- गाणं सी (पांढरी एक) मध्ये: एफ चा हार्प (पांढरी चार)
- गाणं एफ (पांढरी चार) मध्ये: बी फ्लॅटचा हार्प (काळी पाच)

आता तयारीत लिहिलेली उत्तरं काढा.

लेसन सिरीज ठरलेली असेल तर तिच्यातली की, डोळे मिटून. शिक्षकाबरोबर तोच सूर वाजवून कान जुळवणं हे पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि वेगळ्या कीच्या हार्पवर ते होत नाही. बऱ्याच लेसन सी वर असतात.

गिटारवाला मित्र असेल तर ए. गिटारवर ब्लूज बहुतेक ई मध्ये सुरू होतो कारण खालची मोकळी तार ई ची असते, आणि ई साठी ए चा हार्प. ए सी पेक्षा थोडा खालच्या पट्टीतला आहे, त्यामुळे आवाज भरदार येतो.

कोणी गाणारं असेल तर त्यांचा सा विचारा, मध्यम मोजा. समजा काळी एक म्हणाले तर तिचा मध्यम काळी तीन, म्हणजे एफ शार्पचा हार्प. पण एफ शार्प हा नेहमीच्या बारा कीमधला सगळ्यात वरचा, चिरका, बेंड अगदी चिंचोळे, नवशिक्याने त्यावर सुरुवात करू नये. अशा वेळी गाणाऱ्यालाच अर्धा सूर वर किंवा खाली यायला सांगा. वर आले तर सा पांढरी दोन आणि हार्प जी चा, खाली आले तर सा पांढरी एक आणि हार्प एफ चा. एफ सुद्धा वरचाच आहे, त्यामुळे वर येणं जमत असेल तर जी बरा.

काहीच ठरलेलं नसेल तर सी. तो मधल्या पट्टीत आहे, ना फार श्वास मागत ना फार चिरकत.

सावधान: "लो एफ", "लो डी" असे लो लिहिलेले हार्प वेगळे असतात, एक सप्तक खाली. आवाज मोहात पाडतो पण रीड लांब, प्रतिसाद सावकाश, आणि बेंड शिकायला ते कठीण जातात. "हाय जी" सुद्धा वेगळा, तो साध्या जी पेक्षा एक सप्तक वर.

तपासणी: हार्पची की, आणि त्यावर तुम्ही ज्या कीमध्ये ब्लूज वाजवणार ती की, दोन्ही लिहा. दोन्ही सारख्या आल्या तर टप्पा ३ परत वाचा.

## टप्पा ४: बांधणी समजून घ्या

मधली चौकट, जिच्यात होल असतात, तिला कोम म्हणतात. तिच्या वर आणि खाली रीड प्लेट, आणि त्यावर दोन कव्हर. झालं, एवढंच वाद्य आहे. आणि या पाच भागांत हवा कुठेही गळता कामा नये, बाकी सगळं त्यानंतर.

कोम. लाकडी, प्लास्टिक, धातू, बांबू. लाकडी कोमचा आवाज गोड लागतो असं अनेक वादक मानतात, यावर वाद घालणारेही भरपूर आहेत. तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यातली दमट हवा आणि वर नवशिक्याची लाळ, यात सील न केलेलं लाकूड फुगतं, होलांमधल्या भिंती बाहेर येतात, ओठांना टोचतात आणि हवा गळायला लागते. म्हणून पहिला हार्प प्लास्टिक कोमचा घ्या, हे मी ठामपणे सांगेन. लाकूडच हवं असेल तर सील केलेलं.

रीड. पितळ, फॉस्फर ब्राँझ किंवा स्टेनलेस स्टील. होनर पितळ वापरतं, सुझुकी फॉस्फर ब्राँझ, जर्मनीच्या सायडेलच्या वरच्या मॉडेलांत स्टील असतं. तिन्हींवर उत्तम ब्लूज वाजतं, पहिल्या हार्पसाठी यावर वेळ घालवू नका.

स्क्रू की खिळे. कव्हर आणि रीड प्लेट स्क्रूने बसवलेल्या हव्यात. खिळ्यांनी बसवलेला हार्प उघडून साफ करणं आणि परत हवाबंद बसवणं कौशल्याचं काम आहे, आणि उघडावा तर लागतोच, कधी भाकरीचा कण अडकतो, कधी केस.

तोंडाकडची कड. काही मॉडेलांत रीड प्लेटची कड बाहेर येते, काहींत ती कोमच्या आत बसवलेली असते. आत बसवलेली ओठांना गुळगुळीत लागते. जिभेने होल झाकून वाजवायची जी पद्धत ब्लूजवाले वापरतात तिच्यात तोंड खोलवर आणि बराच वेळ हार्पवर असतं, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

## टप्पा ५: आता मॉडेल आणि पैसे

आता कंपनीकडे या. तीन पायऱ्या आहेत असं समजा.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे अगदी स्वस्त, आणि सात कीचे सेट सुद्धा त्याच भावात. मोह होतो, सात हार्प एका हार्पच्या किमतीत. घेऊ नका. अशा हार्पमध्ये हवा गळते, बेंडला प्रतिसाद येत नाही, आणि नवशिक्याला हे कळायला मार्गच नसतो की चूक आपली आहे की वाद्याची. सात गळके हार्प घेण्यापेक्षा एक धड घ्या.

मधली पायरी, कमी खर्चात पण खरंच वाजणारी: ईस्टटॉपचा टी००८के. चिनी बनावटीचा आहे, पण प्लास्टिक कोम, फॉस्फर ब्राँझ रीड, आणि बेंड होतात. बजेट घट्ट असेल तर हा घेताना संकोच करू नका.

वरची पायरी: होनर स्पेशल २०, सुझुकी हार्पमास्टर, ली ऑस्कर मेजर डायटॉनिक, सायडेल सेशन स्टील. यातला कुठलाही घ्या. माझं मत विचाराल तर स्पेशल २०, कारण प्लास्टिक कोम आहे, रीड प्लेट आत बसवलेल्या आहेत, आणि शिकवणाऱ्यांपैकी खूप जण हाच वापरतात त्यामुळे तुमचा आवाज त्यांच्या आवाजाशी ताडून बघता येतो. ली ऑस्करच्या आणि इतरही काही मॉडेलांच्या रीड प्लेट सुट्या मिळतात, म्हणजे रीड गेली तर अख्खा हार्प टाकावा लागत नाही, दूरचा विचार करणाऱ्याने हे बघावं.

होनर मरीन बँड १८९६ बद्दल हमखास विचारलं जातं, कारण जुन्या शिकागो रेकॉर्डिंगमधला आवाज म्हटलं की त्याचंच नाव निघतं. आवाज सुंदर आहे. पण पेअरवुडचा कोम आणि खिळ्यांची बांधणी, म्हणजे टप्पा ४ मध्ये जे टाळायला सांगितलं ते दोन्ही. तोच आवाज हवा असेल तर त्याचीच मरीन बँड डीलक्स किंवा क्रॉसओव्हर बघा, कोम सील केलेला आणि स्क्रू, पण किंमत बरीच वर, म्हणून दुसरा किंवा तिसरा हार्प म्हणून.

सावधान: सेकंडहँड नको. तोंडात घालायचं वाद्य आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे जोरात वाजवून थकलेली रीड बाहेरून ओळखू येत नाही, काही दिवसांनी ती सुरातून उतरते आणि मग तुटते.

## टप्पा ६: विकत घेताना

दुकानात गेलात तर फुंकून बघायला देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. काही दुकानांत तपासायला छोटा भाता असतो, त्यावर हार्प बसवून प्रत्येक होलमधून हवा सोडता आणि ओढता येते. भाता आहे का विचारा, असेल तर वीसही सूर ऐका. भात्यावर सूर वाजतो की नाही एवढंच कळतं, बेंड होईल की नाही ते कळत नाही.

ऑनलाइन मागवत असाल तर की दोनदा तपासा. यादीत आपोआप सी निवडलेला असतो आणि ए मागवायला निघालेला माणूस सी घेऊन बसतो. रिटर्नचे नियमही आधी वाचा, तोंडाला लावलेलं वाद्य अनेक जण परत घेत नाहीत, बिघाड असेल तरच बदलून देतात. अमेरिकेतून किंवा युरोपातून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला सांगणार असाल तर मॉडेल, ट्यूनिंग आणि की तिन्ही लेखी पाठवा, कारण तिथून आलेला चुकीचा हार्प परत पाठवणं कोणी करत नाही.

## टप्पा ७: हातात आल्यावर तपासणी

पॅकिंग फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. मग हाच क्रम:

१. आधी बघा. कव्हरवर कीचं अक्षर बरोबर आहे का. आकडे वरच्या बाजूला, १ डावीकडे. कव्हर वाकलेलं नाही, स्क्रू ढिला नाही, होलांच्या आत कुसळ किंवा भुसा नाही.

२. तोंड धुवा. अतिशयोक्ती नाही ही, चिवड्याचा एक कण रीडखाली गेला तर नवा हार्प बिघडलेला वाटेल.

३. एकेक होल, अगदी हळू. नेहमी श्वास घेता तेवढ्याच जोराने. एक ते दहा ब्लो, मग ड्रॉ. एक होल वेगळं काढता येत नसेल तर शेजारची दोन्ही होल बोटांनी झाका. सूर लगेच लागतो का, की आधी नुसती हवा जाते? धातूचा खरखराट येतो का? एखादं होल साफ मुकं आहे का?

४. २ ड्रॉ आणि ३ ब्लो. हे दोन्ही एकच सूर आहेत. आलटून पालटून हळू वाजवा, सारखे ऐकू यायला हवेत.

५. ट्यूनर ॲप लावा. ४४० हर्ट्झवर (ए सुराचं नेहमीचं माप) ठेवलं तर सूर थोडे वर दाखवेल, ते ठीक आहे, कंपन्या मुद्दाम किंचित वर ट्यून करतात कारण फुंकल्यावर सूर जरा उतरतो. आणि सी हार्पवर ई आणि बी हे सूर बाकीच्यांपेक्षा थोडे खाली दिसले तर तोही बिघाड नाही, कॉर्ड गोड लागावा म्हणून अनेक मॉडेलांत गांधार असेच ठेवतात. एखादा सूर दुसऱ्या सप्तकातल्या आपल्याच जोडीदारापेक्षा फार वेगळा दिसला तर मात्र शंका घ्या.

२ ड्रॉबद्दल वेगळं सांगायलाच हवं. इथे शेकडो चांगले हार्प "खराब" म्हणून परत जातात. नवशिक्याने दोन नंबर ओढला की सूर दबलेला, खाली उतरलेला, किंवा नुसता फस्स असा येतो, आणि खात्रीच पटते की रीड गेलीय. बहुतेक वेळा रीड उत्तम असते, श्वास जोरात आणि जीभ वर उचललेली असते, त्यामुळे नकळत अर्धवट बेंड होत असतो. हार्प परत करण्याआधी हे करा:

- एक, दोन, तीन ड्रॉ एकत्र, अगदी हळू ओढा. भरलेला कॉर्ड आला तर दोनची रीड जिवंत आहे.
- मग एक आणि तीन बोटांनी बंद करून फक्त दोन, हळू.
- जबडा खाली सोडा, जांभई देताना घसा उघडतो तसा उघडा, श्वास पोटातून घ्या. नाकातून हवा जात नाही ना तेही बघा, नाक उघडं राहिलं की ड्रॉचे सूर लंगडे पडतात.

एवढं करून कॉर्डमध्येही दोन वाजत नसेल तरच बिघाड. आठ, नऊ, दहाच्या वरच्या सुरांचंही असंच, तिथे जोर लावला की रीड गप्प होते, हळू केलं की बोलते.

सावधान: बेंड येत नाही म्हणून हार्प परत करू नका. पहिला नीट बेंड यायला बहुतेकांना आठवडे लागतात, चारच्या ड्रॉपासून सुरुवात करा. आणि पाचव्या ड्रॉवर अर्ध्या सुराचा बेंड नसतोच, तिथे ब्लो आणि ड्रॉ मध्ये अंतरच अर्ध्या सुराचं आहे, त्यामुळे तो शोधत बसू नका.

## टप्पा ८: पहिले काही आठवडे

हळू वाजवा. जोराने ओढून बेंड करायची सवय लागली की रीडला थकवा येतो, आणि चार-पाचच्या ड्रॉ रीड सगळ्यात आधी जातात. वाजवून झालं की होल खाली करून तळहातावर चारदोनदा आपटा, ओल निघून जाईल, मग थोडा वेळ उघडा ठेवून डबीत ठेवा. पावसाळ्यात ओला हार्प लगेच डबीत बंद करू नका. प्लास्टिक कोमचा कोमट पाण्यात धुता येतो, लाकडी कधीच पाण्यात घालू नका. गोड चहा पिऊन, सुपारी खाऊन थेट वाजवायला बसू नका.

कधीतरी "गॅप" बद्दल ऐकाल. रीडचं मोकळं टोक प्लेटपासून किंचित वर असतं, साधारण टोकाच्या जाडीएवढं. फार खाली असेल तर जोरात वाजवल्यावर सूर गुदमरतो, फार वर असेल तर हवा फुकट जाते. हे टूथपिकने हलकेच बदलता येतं, पण बदलून मिळण्याची मुदत संपेपर्यंत कव्हर उघडूच नका. आणि उघडलंत की लक्षात ठेवा, खालच्या प्लेटवर ड्रॉ रीड बाहेरून दिसतात, वरच्या प्लेटच्या ब्लो रीड आत कोमच्या बाजूला असतात, त्या न दिसल्यामुळे पडल्या असं समजू नका.

## टप्पा ९: दुसरा हार्प कधी आणि कोणता

पहिल्या हार्पवर चारच्या ड्रॉचा बेंड सुरात, पाहिजे तेव्हा यायला लागला, आणि तीनच्या ड्रॉवर कोमल ग अंदाजे नाही तर नेमका सापडायला लागला की दुसरा घ्या. त्याआधी घेतलात तर दोन हार्पवर एकच चूक पक्की होईल.

सी पासून सुरुवात केली असेल तर पुढे ए, मग डी. या तिघांवर जी, ई आणि ए मधला ब्लूज वाजवता येतो, आणि गिटारवाल्यांच्या बैठकीत बहुतेक वेळा यातलंच काहीतरी चालू असतं. त्यानंतर जी, एफ, बी फ्लॅट, जशी गाठ पडेल तसे. मॉडेल शक्यतो एकच ठेवा, कारण वेगवेगळ्या मॉडेलांत कडेचा आकार आणि श्वासाचं प्रमाण बदलतं आणि की बदलताना तोंडाला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. प्रत्येक हार्पच्या डबीवर दोन अक्षरं लिहून चिकटवा, हार्पची की आणि तिच्यावर वाजणाऱ्या ब्लूजची की, गिटारवाला "ई मध्ये घेतोय" म्हणाला की हात थेट ए च्या डबीकडे जाईल.